न दुखणारं हृदय

'छातीत दुखतंय का?' नागपुरातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत, सरकारी मेडिकल कॉलेजात असो की रामदासपेठेतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये, हृदयाच्या पेशंटला हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. हो म्हटलं की ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), पळापळ. नाही म्हटलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. माझ्या भाऊजींच्या 'नाही'वर मात्र कुणालाच निश्चिंत होता येत नाही. त्यांच्या छातीतलं हृदय आधी दुसऱ्या कुणाचं होतं. ते बसवताना सर्जननी महाधमनी जोडली, फुप्फुसाकडे जाणारी धमनी जोडली, वरचे कप्पे शिवले. मज्जातंतू कापले गेले ते तसेच राहिले, कारण ते शिवता येत नाहीत. त्यामुळे या हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं तरी ती कळ मेंदूपर्यंत जायला वाटच उरलेली नाही. काही पेशंटांमध्ये काही वर्षांनी थोडेफार तंतू परत वाढतात, कुणाकुणाला दुखल्याचं जाणवतंही. पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

मी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम बघते. भाऊजींचं प्रत्यारोपण चेन्नईला झालं, पण टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवं हृदय झिडकारू नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाची, पातळी बघायला रक्त द्यायला ते आमच्याकडेच येतात. सकाळी आठचा डोस घ्यायच्या आधी रक्त काढावं लागतं, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी औषध किती उरलं ते कळतं. त्यामुळे ते पावणेआठलाच हजर असतात. शर्टाच्या खिशात गोळ्यांची स्ट्रिप, हातात पाण्याची बाटली. जिना चढून आले की मी आधी मनगट हातात घेते. खुर्चीत बसतात तेव्हा नाडी शंभरच्या आसपास असते. ती एरवी विश्रांतीतही नव्वदच्या वरच, कारण हृदयाचा वेग आवरून धरणारी व्हेगस नसही तुटलेली आहे. गंमत वाटावी अशी गोष्ट पुढे घडते. माणूस शांत बसलेला आहे, श्वास जाग्यावर आलेला आहे, आणि नाडी अजून थोडी वाढते. जिना चढल्याची बातमी या हृदयाला नसांतून मिळतच नाही. ती रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनबरोबर उशिरा पोचते आणि उशिराच ओसरते. माझ्या बोटांखाली हे प्रत्येक वेळी होतं, आणि प्रत्येक वेळी मला तितकंच नवल वाटतं.

मग टूर्निकेट, जांभळ्या झाकणाची ट्यूब, दोन-तीन मिलिलिटर रक्त. कापूस दाबून धरत ते गोळी घेतात आणि म्हणतात, "काहून गं, आज एकच ट्यूब? मागच्या बारीला तर तीन भरल्या होत्या ना." मागच्या वेळी क्रिएटिनिन आणि लिपिड प्रोफाइलही होतं. औषधाची पातळी कळते, मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं, कोलेस्टेरॉल कळतं. त्यांना खरं जे हवं असतं, म्हणजे 'आतल्या नळ्या ठीक आहेत का', ते माझ्या मशीनवर येत नाही. हा लेख त्या न येणाऱ्या रिपोर्टबद्दल आहे.

प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जाण्याच्या आजाराला कार्डियाक अ‍ॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी म्हणतात. डॉक्टर आपसात नुसतं सीएव्ही म्हणतात, मीही तसंच लिहिते. हा आजार हृदय प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बसवलं, तो पेशंट १८ दिवस जगला. जानेवारी १९६८ मधले त्यांचे दुसरे पेशंट फिलिप ब्लायबर्ग. पेशाने दंतवैद्य असलेले हे गृहस्थ सुमारे १९ महिने जगले, आणि जगाला वाटलं, जमलं. त्यांच्या मृत्यूनंतर हृदय उघडून पाहिलं तर वाहिन्या ठिकठिकाणी बुजत आलेल्या होत्या. आपल्याकडे त्याच १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रयत्न केला होता. पेशंट काही तासच जगला. भारतातलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९९४ साल उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

तीव्र नकार, म्हणजे शरीराने नवं हृदय पहिल्या काही महिन्यांत झिडकारणं, औषधांनी बराच आवाक्यात आला. सीएव्ही मात्र आवाक्यात आला नाही. आंतरराष्ट्रीय नोंदणीचे आकडे सांगतात की पहिल्या वर्षाअखेर सुमारे ८ टक्के पेशंटांमध्ये तो दिसतो, पाच वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास, आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्यांमध्ये. भाऊजी आता या मधल्या टप्प्यात आहेत.

आपल्या ओळखीचा हार्ट अटॅकवाला आजार आणि हा, दोन्हींत वाहिनी अरुंद होते, पण रीत वेगळी. नेहमीच्या आजारात वाहिनीच्या एका बाजूला, एखाद्या ठिकाणी चरबीचा थर फुगतो. सीएव्हीत वाहिनीचं अस्तरच सगळीकडून, लांबच्या लांब जाड होत जातं, अगदी बारीक फांद्यांपर्यंत. आपल्याकडे बोअरच्या पाण्याच्या नळाला आतून क्षार धरतो ना, सगळ्या बाजूंनी सारखा, तसं. कारण बरंचसं प्रतिकारशक्तीत आहे. वाहिन्यांच्या आतलं अस्तर दात्याचं असतं, आणि पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वर्षानुवर्षं त्याच अस्तराला घासून वाहतात. औषधं त्यांना दाबून ठेवतात, पण पुरतं गप्प करत नाहीत. अस्तराला बारीक इजा होत राहते, खालच्या स्नायुपेशी वाढून वर सरकतात, भिंत जाड होते. त्यात सायटोमेगालोव्हायरसचा संसर्ग, वाढलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, दात्याच्या वाहिन्यांत आधीपासूनच असलेला थोडा दोष, हे सगळं भर घालतं. म्हणून भाऊजींच्या घरात कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन कधी चुकत नाही आणि ताई पोह्यांवर तर्री घालू देत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ग्रेपफ्रूट बंद असं लिहिलेलं होतं, कारण त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. पपनसही त्यातच. त्या धास्तीने ताईने कितीतरी दिवस घरात संत्रंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आपल्या संत्र्याला हरकत नाही असं डॉक्टरांनी स्वतः सांगितल्यावरच ती पेटी घरात शिरली.

दुखत नाही, तर मग हा आजार कळतो कसा? लक्ष ठेवलं नाही तर तो थेट दम लागून, ठोके बिघडून, किंवा माणूस अचानक कोसळून कळतो. म्हणून दरवर्षी अँजिओग्राफी. भाऊजी-ताई त्यासाठी जीटी एक्स्प्रेसने चेन्नईला जातात, हजार-अकराशे किलोमीटर, एका खांद्यावर फाइलची पिशवी आणि दुसऱ्यावर डब्यांची. मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर (बारीक नळी), मग डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव), मग फोटो. हा डाय मूत्रपिंडाला जड जातो, आणि टॅक्रोलिमस हे औषधही वर्षानुवर्षं मूत्रपिंडाला त्रास देणारंच आहे. भाऊजींचं क्रिएटिनिन मीच लावते, त्यामुळे चेन्नईहून परतल्यावरच्या पहिल्या रिपोर्टकडे मी कशी बघते ते माझं मला माहीत.

एवढं करूनही अँजिओग्राफीला एक मोठी मर्यादा आहे. तिच्यात डाय वाहतो ती पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. भिंत सगळीकडून सारखी जाड झाली तर पोकळी बारीक पण गुळगुळीत दिसते, आणि ही वाहिनी मुळातच एवढी होती की काय, असं वाटून जातं. कॅथेटरच्या टोकाला अल्ट्रासाउंड लावून आतून भिंत मोजण्याची पद्धत आहे, आयव्हस म्हणतात तिला. पहिल्या वर्षात अस्तराची जाडी ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली तर पुढचा धोका मोठा, हे तिच्यामुळेच कळलं. पण ती महाग आहे, सगळीकडे होत नाही, आणि बारीक फांद्यांत ती शिरत नाही.

आता रक्ताकडे येते. अस्तराला इजा झाली, भिंत वाढू लागली, तर तिथल्या पेशी काहीतरी रक्तात सोडत असणारच. शरीरात काही शिजतंय आणि रक्तात त्याचा मागमूस नाही, असं माझ्या अनुभवात फार क्वचित होतं. प्रश्न आहे तो मागमूस हुडकायचा कसा.

सेंट्रिफ्यूजमधून काढलेली ट्यूब मी उजेडात धरते तेव्हा खाली लाल पेशी, मधे पांढुरकी पातळ रेघ आणि वर पिवळसर प्लाझ्मा दिसतो. या पिवळ्या पाण्यात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. निम्म्याहून जास्त वजन एकट्या अल्ब्युमिनचं, लिटरला ३५ ते ५० ग्रॅम. निरोगी माणसाचं ट्रोपोनिन त्याच लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम. म्हणजे दोघांत अब्जावधी पटींचा फरक. वाहिनीच्या अस्तरातून निसटलेलं एखादं प्रथिन असंच अल्ब्युमिनच्या गर्दीत बुडालेलं असतं. म्हणून संशोधक आधी अल्ब्युमिनसारखी भरमसाट प्रथिनं गाळून काढतात, उरलेल्यांचे ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजून कोणतं प्रथिन किती होतं ते ठरवतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाने याच वाटेने जाऊन २०१३ साली सीएव्ही असलेल्या आणि नसलेल्या पेशंटांमध्ये फरक करू शकणारा प्लाझ्मा प्रथिनांचा एक संच मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. नव्या वाहिन्या फुटण्याशी संबंधित प्रथिनं आधीच निवडून ती मोजली, आणि व्हीईजीएफ-ए, व्हीईजीएफ-सी आणि प्लेटलेट फॅक्टर ४ ही तीन त्यांना कामाची वाटली. आता तर प्रतिपिंडं किंवा अ‍ॅप्टामर (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे डीएनए-आरएनएचे छोटे तुकडे) वापरून काही थेंब प्लाझ्मात हजारो प्रथिनं एकदम मोजणारी यंत्रं आली आहेत.

हे वाचून पहिल्यांदा मला इतका आनंद झाला की मी ताईला फोन केला होता. माझा उत्साह आजही कमी झालेला नाही. पण लॅबमध्ये उभी राहून विचार करते तेव्हा मधल्या अडचणीही दिसतात, आणि त्या सांगितल्याशिवाय हा आनंद पुरा होत नाही.

पहिली अडचण गणिताची. पन्नास-शंभर पेशंटांमध्ये हजारो प्रथिनं मोजली, तर त्यातली काही नुसत्या योगायोगानेही आजाराशी जुळलेली दिसणार. खरी कोणती आणि योगायोगाची कोणती, हे ठरवायला तोच संच दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या पेशंटांवर, निकाल आधी माहीत नसताना लावून बघावा लागतो. पुष्कळ आशादायक चाचण्या इथेच गळतात. हृदय प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात ही अडचण अधिकच जाचते, कारण एकेका केंद्रावर पेशंटच थोडे असतात.

दुसरी अडचण अशी की प्रथिनं एका कारणाने वाढत नाहीत. सीआरपी हे प्रथिन वाहिनीच्या दाहाने वाढतं तसं ते साध्या तापानेही वाढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपुरात डेंग्यू सुरू झाला की आमच्या लॅबमध्ये प्लेटलेट काउंटसाठी रांग लागते. प्लेटलेट फॅक्टर ४ नावाप्रमाणेच प्लेटलेटमधून येतं. डेंग्यूतून नुकत्या उठलेल्या माणसाच्या रक्तात ते काय आकडा दाखवेल? टीबी होऊन गेलेल्याच्या रक्तात काय दाखवेल? व्हँकुव्हरमध्ये हे प्रश्न फारसे पडणार नाहीत. ते इथेच पडतील, आणि त्यांची उत्तरंही इथल्याच रक्तात शोधावी लागतील.

तिसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना मानेवाड्याच्या कलेक्शन सेंटरवरून बाइकवर एक मुलगा सॅम्पल घेऊन येतो. डब्यातला बर्फाचा पॅक अर्धा वितळलेला असतो. गाडी खड्ड्यात आदळून ट्यूब हलली की लाल पेशी फुटतात, वरचा प्लाझ्मा पिवळ्याऐवजी गुलाबी होतो, आणि पोटॅशियमचा आकडा खोटा येतो. प्लेटलेट तर एवढ्याशा हाताळणीनेही आपलं आतलं प्रथिन बाहेर टाकतात. रक्त काढल्यापासून सेंट्रिफ्यूज होईपर्यंत किती मिनिटं गेली, कोणत्या तापमानात गेली, यावर नाजूक प्रथिनांचा आकडा वर-खाली होतो. मोठमोठ्या शोधनिबंधांत ही गोष्ट दोन ओळींत आटोपलेली असते. माझ्यासारख्या बाईचा सगळा दिवस त्या दोन ओळींत जातो. म्हणून मला वाटतं, चाचणी कुठलीही येवो, तिची परीक्षा मे महिन्यातल्या नागपुरात झाली पाहिजे.

आणि चाचणीकडून नेमकं काय मागायचं? अँजिओग्राफी कायमची बंद करणारी चाचणी मी मागत नाही. यंदा कुणाला तिची गरज नाही, एवढं खात्रीने सांगणारी मागते. समजा, प्रत्यारोपणाला पाच वर्षं झालेले १०० पेशंट आहेत आणि त्यांतल्या ३० जणांना सीएव्ही आहे. चाचणीने ३० पैकी २७ पकडले आणि निरोगी ७० पैकी १४ जणांवर उगाच संशय घेतला. मग अँजिओग्राफीला १०० ऐवजी ४१ जण जातील. ५९ जणांचा डाय वाचला, खर्च वाचला, प्रवास वाचला. ऐकायला छान वाटतं. पण त्या ५९ मधल्या तिघांना आजार आहे आणि चाचणी त्यांना 'घरी जा' म्हणाली आहे. नेहमीच्या हृदयविकारात असा सुटलेला माणूस जिना चढताना छाती धरून थांबतो आणि डॉक्टरकडे परत येतो. या तिघांना ती सोय नाही. म्हणून इथे चाचणीची पट्टी फार कडक लावावी लागेल, थोडे जास्त लोक उगाच चेन्नईला गेले तरी चालतील, पण सुटता कुणी कामा नये. हे मी लॅबवाली म्हणून म्हणते आणि भाऊजींची मेहुणी म्हणूनही म्हणते. दोघींचं मत एकच आहे.

लवकर कळण्याला इतकं महत्त्व का, तर उशिरा कळून हाती फार काही उरत नाही. अस्तर लांबच्या लांब जाड झालेलं असताना स्टेंट टाकायचा तरी कुठे? बायपास जोडायला पुढे चांगली वाहिनी हवी, तीही नसते. शेवटी दुसरं प्रत्यारोपण, आणि त्यासाठी दुसरं हृदय कुठून आणणार? आजार सुरुवातीलाच दिसला तर एव्हरोलिमस किंवा सिरोलिमससारखी औषधं सुरू करून भिंत जाड होण्याचा वेग कमी करता येतो, हे नीट झालेल्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. त्या औषधांचेही त्रास आहेत, कोलेस्टेरॉल वाढतं, जखमा उशिरा भरतात. तरी वेळ हातात असेल तर डॉक्टरांना निवड करता येते.

हृदय कुठून आणणार, हा प्रश्न नागपुरात राहून मला जास्तच भिडतो. आपल्या विभागाचं झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, अवयवदानाचं समन्वयन करतं. मेंदूमृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी हो म्हटलं की वर्धा रोडवर ग्रीन कॉरिडॉर होतो, पोलिस सिग्नल मोकळे करतात आणि ॲम्ब्युलन्स सोनेगावच्या विमानतळाकडे सुटते, कारण हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येते, फोटोसकट. माझं लक्ष मात्र पुढच्या दहा वर्षांकडे जातं. ज्या घराने आपलं माणूस गेलेल्या दिवशी ते हृदय दिलं, त्यांच्या देण्याची राखण त्यानंतर रोजच्या गोळ्यांनी आणि अशा छोट्या-छोट्या ट्यूबांनीच होणार आहे.

मला मनापासून वाटतं की विदर्भातल्या प्रत्यारोपण झालेल्या पेशंटांचा थोडा प्लाझ्मा, त्यांची लेखी संमती घेऊन, उणे ८० अंशावर जपून ठेवायला सुरुवात झाली पाहिजे. दरवर्षी अँजिओग्राफीच्या सुमारासच घेतलेला, म्हणजे फोटोही हाती आणि रक्तही हाती. एका गावात पेशंट थोडे, पण नागपूर, पुणे, मुंबई, चेन्नई मिळून पुरेसे होतील. आणि त्यातून जे पाच-सहा प्रथिनांचं उत्तर निघेल ते एलायझावर मोजता येईल असं करावं. एलायझा हे प्रतिपिंडं वापरून एकेक प्रथिन मोजण्याचं १९७१ पासूनचं तंत्र आहे, त्याचं मशीन आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही सापडतं. मास स्पेक्ट्रोमीटर शोध लावायला हवाच, पण गोंदियाच्या पेशंटला रोजच्या कामात तो परवडणार नाही. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "माझं घे ना जी. नाहीतरी दर बारीला तू सुई टोचूनच राहिली."

पुढच्या महिन्यात त्यांची वार्षिक तपासणी आहे, तिकिटं काढून झाली आहेत. मी ताईच्या वहीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. या वेळी अँजिओग्राफीबरोबर आयव्हस करता येईल का? मागच्या तपासणीच्या तुलनेत बारीक फांद्या कशा आहेत? दात्याविरुद्धची प्रतिपिंडं शेवटची कधी मोजली होती? क्रिएटिनिन १.६ असताना टॅक्रोलिमस थोडं कमी करून एव्हरोलिमस जोडावं का? आणि तुमच्या केंद्रात प्रथिनांवर असा काही अभ्यास सुरू असेल, तर संमतीचा फॉर्म आम्हाला आधी पाठवाल का, म्हणजे भाऊजी तो मराठीत समजून घेऊन मगच सही करतील.